रेडकू मिरजगावातच आहे

भिंगार, मंगळवार

प्रिय आणि आदरणीय फिलोमिना आत्या,

स्टीफनचा मनापासून सलाम.

ताजी बातमी आधी. रेडकू मिरजगावातच आहे. कारभारींच्या परसात जांभळीखाली बांधलेलं आहे आणि गेल्या शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते गेलंच नव्हतं. या वृत्ताला कारभारींच्या मंडळी छबूबाई यांनी आज सकाळी फोनवरून दुजोरा दिला, पण नाव छापायचं नाही या अटीवर. (तू छापत नाहीस म्हणून तुला सांगतो. बोलतेस मात्र सगळ्यांशी, म्हणून पुढचं वाचण्याआधी दार लावून घे.)

आता रीतीप्रमाणे. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्याच्या ऑपरेशननंतर चष्मा लागला म्हणतेस, पण परवा मी तुला पाठवलेल्या फोटोत माझ्या शर्टावरचा चहाचा डाग तुला दिसला होता, तेव्हा डोळ्याची काळजी मी सोडून दिली आहे. इकडे तुझी भाचेसून एंजेला ठीक. माझी तब्येत विचारशील तर ब्लडप्रेशर थोडं वर आहे, आणि त्याचं कारण औषधाच्या दुकानात मिळणारं नाही. फोन करता आला असता, पण तू फोन कायम स्पीकरवर ठेवतेस आणि दुपारी तुझ्या ओट्यावर छबूबाईंची जाऊ बसलेली असते हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. उद्या पहाटे पेपरचे गठ्ठे घेऊन कर्जतकडे जाणारा आमचा बजरंग ते तुझ्याच हातात देईल. त्याला चहा पाज, पण काही विचारू नकोस. त्यालाही सगळं माहीत आहे असं त्याला वाटतं, आणि तोच तर सगळा घोळ आहे.

घोळाचं मूळ सांगतो. आमच्या ‘सीनाकाठ’ दैनिकात आता आधी मोबाईल, मग कागद, असं ठरलं आहे. त्यासाठी पुण्याहून सिल्व्हिया मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, हुशार, आणि स्पष्ट सांगायचं तर माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी तालुक्यातालुक्यातले सगळे वार्ताहर नगरच्या एका मंगल कार्यालयात गोळा केले (बातमीत मी अहिल्यानगर लिहितो, तोंडातून मात्र नगरच निघतं) आणि बदलत्या काळात वार्ताहराला काय काय आलं पाहिजे ते सांगितलं. लिहिता तर यावंच. शिवाय बोलता यावं, चित्रण करता यावं, ते कापता-जोडता यावं, खाली अक्षरं टाकता यावीत, बनावट फोटो ओळखता यावेत, आणि लोक आपल्याकडे किती वेळ बघत थांबले ते रोज तपासता यावं. आम्ही सगळे लग्नाच्या खुर्च्यांवर नवरीकडच्या गरीब पाहुण्यांसारखे बसलो होतो. प्रत्येकाला एक लांबणारी काठी मिळाली, तिच्या टोकाला मोबाईल लावायचा. शेवटी त्यांनी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत ज्यांना जागेवरून थेट प्रक्षेपण जमणार नाही, त्यांच्या कामाचा पुनर्विचार होईल. आत्या, ‘पुनर्विचार होईल’ हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत इतक्यांदा छापलं आहे की त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या दिवशीची दोन वाक्यं मी वहीत लिहून घेतली. एक, प्रेक्षकाचा डोळा जिथं पोचत नाही तिथं कॅमेरा न्या. दुसरं, गप्प राहू नका. दोन श्वास गप्प राहिलात की प्रेक्षक दुसरीकडे सरकतो. सल्ला म्हणून दोन्ही चांगली आहेत. फक्त ती घेऊन घोडेगावच्या बाजारात जाऊ नये.

घोडेगावला म्हशीचा सौदा कसा होतो हे तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं आहे. भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, त्याखाली गिऱ्हाईकाची बोटं धरतो. जितकी धरली तितका आकडा. मग तोच रुमाल घेऊन मालकाकडे जातो, त्याची बोटं धरतो. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. वर चेहरे असे कोरे की पोलिस ठाण्याच्या पायरीवरही मी तसे पाहिलेले नाहीत. आणि रुमालाखाली जे झालं ते रुमालाखालीच राहतं, ही तिथली शपथ न घेता पाळलेली शपथ. बाजाराच्या बातम्या मी इतकी वर्षं देत आलो, पण रुमालाकडे कधी बोट दाखवलं नाही. गेल्या शुक्रवारी मी त्याखाली काठी घातली.

म्हैस तुमच्या कारभारींची. मिरजगावाहून टेम्पोतून आणलेली, काळीभोर, शिंगं वळलेली, कॅमेऱ्याला माझ्यापेक्षा कमी बुजणारी. गिऱ्हाईक नेवाशाकडचा गोठेवाला गोरक्ष. दलाल बिभीषण, बाजारातला जुना आणि विश्वासातला माणूस. मी थेट प्रक्षेपण सुरू केलं, दर्शकांना नमस्कार केला, म्हशीला चुकून दोनदा नमस्कार केला, आणि बिभीषणनं गोरक्षच्या हातावर रुमाल टाकताच मला पहिलं वाक्य आठवलं. मी खाली वाकलो आणि काठी रुमालाखाली सरकवली. आत अंधार असल्यानं मोबाईलनं आपण होऊन दिवा लावला, आणि नाताळातल्या कागदी चांदणीसारखा तो रुमाल आतून उजळला. दोघंही आपल्या कामात इतके गुंग की त्यांना वाटलं ऊन आलं. मोबाईलवर बोटं स्वच्छ दिसली. मग बिभीषण कारभारींकडे वळला. कारभारी त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले, त्यानं मान हलवली, रुमाल टाकला. माझी काठी पुन्हा खाली. तिथं एक बोट कमी, म्हणजे मधले पैसे दलालाच्या खिशात, असं मला वाटलं.

इथं मी थांबायला हवं होतं. पेपराच्या बातमीत थांबलोच असतो. तिघांना बाजूला घेतलं असतं, चहा झाला असता, संध्याकाळपर्यंत उलगडा झाला असता. पण मी गप्प होतो, आणि एक श्वास संपून दुसरा चालू होता. म्हणून मी बोललो. म्हणालो, दर्शकहो, गिऱ्हाईकाकडं एक बोट जास्त, मालकाकडं एक बोट कमी. मग एक बोट कुठं गेलं?

आत्या, हे वाक्य मी बोललो तेव्हा बाजारातल्या निम्म्या लोकांच्या हातात मोबाईल होते आणि त्या मोबाईलवर मी होतो. माझाच आवाज मला चारी बाजूंनी जरा उशिरानं ऐकू आला. मग सगळा बाजार गप्प झाला. म्हशी रवंथ करायच्या थांबल्या असं मी लिहिलं तर तू अतिशयोक्ती म्हणशील, म्हणून लिहीत नाही. बिभीषणनं रुमाल काढला, नीट घडी घातली, खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गोरक्ष ओरडला, मग आणखी कुणी, आणि गिऱ्हाइकांनी बिभीषणला एका बाजूनं आणि दलालांनी मला दुसऱ्या बाजूनं घेरलं. “रुमाल उचलतो व्हय रं पेपरवाल्या!” असं म्हणत एकानं माझी काठी ओढली. तेवढ्यात कारभारींनी माझी कॉलर धरून मला म्हशीपाठोपाठ टेम्पोत चढवलं. (ते मला वाचवत होते की पळवून नेत होते, हे मी अजून विचारलेलं नाही.)

तर नगरपर्यंत मी म्हशीबरोबर आलो. केबिनमध्ये जागा नव्हती. मागं मी एका कोपऱ्यात, कारभारी दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये म्हैस. मोबाईल काठीवरून निसटून कारभारींच्या पायाशी कडब्यात पडला. घोडेगाव सुटताच नेट गेलं आणि प्रक्षेपण तुटलं, पण मोबाईल आपलं रेकॉर्डिंग करतच राहिला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त शेपूट माहीत होतं.

शनिवारी सकाळी मी प्रसिद्ध झालो होतो. ‘एक बोट कुठं गेलं?’ यावर पोरांनी गाणं बांधलं. भाजीवाल्यानं मेथीची जुडी देताना विचारलं, किराणावाल्यानं विचारलं, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरताना मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं. सिल्व्हिया मॅडमनी सांगितलं की इतकी माणसं आजवर आपल्याकडे कधी आली नव्हती आणि माझ्या पुनर्विचाराचा आता प्रश्नच नाही. बाजार समितीनं बिभीषणचा परवाना थांबवला. येत्या शुक्रवारी सुनावणी आहे. तिथं तो दोषी ठरला तर त्याला पुन्हा बाजाराच्या फाटकातून आत येता येणार नाही. आणि पुरावा एकच, माझं प्रक्षेपण.

शनिवारी संध्याकाळी मॅडमनी त्यातले छोटे तुकडे करायला सांगितले म्हणून मी सगळं रेकॉर्डिंग लावून बसलो. टेम्पोतला भाग म्हणजे नुसतं शेपूट. बंद करणार, तोच शेपटामागून कारभारींचा आवाज आला. फोनवर छबूबाईंशी बोलत होते. म्हणाले, “तुझ्या रेडकापायी झालं समदं. मी रेडकासकट देतो म्हनून आधी सांगितलं हुतं. तू घरीच ठिवून घेतलंस त्ये, तर मला ऐन टायमाला बिभीषणच्या कानात सांगावं लागलं, निसती म्हस हाय म्हनून.” आणि मग, जरा आवाज खाली आणून, “कुनाला बोलू नगं. बायकोपुढं चाललं न्हाई म्हनतील गावात.”

दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. गोरक्षनं भाव केला होता रेडकासकट. कारभारींशी भाव झाला रेडकाशिवाय. ते बोट म्हणजे रेडकू. बिभीषण परत गोरक्षकडे जाऊन भाव उतरवणारच होता, पण तेवढ्यात मी दर्शकहो म्हणालो.

रविवारी प्रार्थना संपताच घोडेगावला गेलो. बिभीषणनं आत घेतलं, बस म्हणाला. त्याची मुलगी ज्ञानेश्वरी चहा ठेवून गेली. कॉलेजात पोरं तेच गाणं म्हणतात म्हणून ती घरी असते, हे मला तिच्या आईनं दारातच सांगितलं होतं. मी बिभीषणला म्हटलं, मला कळलंय, रेडकाचं आहे, तू एवढं समितीला सांग, मी छापतो. तो बशीत चहा ओतत म्हणाला, “पत्रकार, तुमाला बातमी कुनी दिली त्ये तुमी सांगत न्हाई ना?” मी म्हटलं, नाही सांगत. “मंग रुमालाखालचं मी कसं सांगू? उद्या माझ्या हातात बोट कोन देईल?” म्हटलं, अरे पण परवाना जाईल. तो म्हणाला, “त्यो गेला तर समितीनं नेला. हे गेलं तर मीच टाकलं.” आणि जाताना फाटकापाशी म्हणाला, शुक्रवारी या, सुनावणी झाल्यावर हात द्या, मोबाईल न्हाई, मला तुमाला काय म्हनायचंय त्ये रुमालाखाली म्हनतो. आत्या, मी गुंडांच्या धमक्या ऐकल्या आहेत, पुढाऱ्यांच्या ऐकल्या आहेत. इतकी सभ्य ऐकली नव्हती.

सोमवारी गोरक्षला गाठलं. तो आता तीन वेगवेगळ्या चॅनेलांना मुलाखती देतोय, दाढी रोज करतोय. रेडकासकट बोलला होतास का, विचारलं तर म्हणाला, “रेडकू? आठवत न्हाई बुवा. पन म्होरल्या बाजूनं घ्या फोटो.” तिथून उठून सिल्व्हिया मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, मग टेम्पोतलं टाका की, पुरावाही झाला आणि खुलासाही. मी म्हटलं, माणूस बायकोशी बोलत होता, त्याला माहीत नव्हतं मोबाईल चालू आहे. एकदा रुमालाखाली काठी घातली ती पुरे झाली. त्या म्हणाल्या, मग तुमच्या खुलाशाला आधार काय? आणि त्यांचं बरोबर होतं. मीच त्यांना नवीन आल्या तेव्हा सांगितलं होतं की एकानं सांगितलं ती कुजबुज, दोघांनी सांगितलं ती बातमी. मग त्या गप्प झाल्या. (दोन श्वासांपेक्षा जास्त. मी मोजत नव्हतो, पण लक्षात आलं.) म्हणाल्या, गुरुवार संध्याकाळपर्यंत माणूस बोलता करा, पहिलं प्रक्षेपण मी स्वतः काढते आणि त्याच जागी खुलासा लावते. पण मालकांचा हिशेब प्रेक्षकांवर चालतो, ते काढलं की तुमच्या नावावर महिन्याभरात काहीच उरत नाही, हे माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे.

आज सकाळी छबूबाईंना फोन केला. त्यांनी कुजबुजत सांगितलं, रेडकू माझंच हाय, पारडी हाय, म्होरं दूध देईल, मी कशाला इकू? पण धनी बोलतील तरच मी बोलेन, नाव आलं तर घरात जेवान बंद. कारभारींना फोन केला तर त्यांनी माझा आवाज ओळखून म्हशीला काहीतरी शिवी दिली आणि ठेवून दिला. म्हणजे असं आहे, आत्या: एक माणूस खरं जाणतो आणि रीत म्हणून बोलत नाही, दुसरा लाजेपायी बोलत नाही, तिसऱ्याला आठवत नाही, आणि जिला आठवतं तिला नाव छापून यायला नको. आणि ज्यानं बोलायचं नव्हतं तो एकटा बोलून बसला, तो तुझा भाचा.

बाकी सर्व क्षेम. एंजेलानं जवसाची चटणी दिली आहे, डबा परत पाठव. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
स्टीफन

ता. क. चटणीचं निमित्त होतं हे तू ओळखलंच असशील. कारभारी तिसरीत तुझे विद्यार्थी होते आणि अजूनही तुला रस्त्यात बघितलं की तंबाखू थुंकून तोंड पुसतात. गुरुवारच्या आत त्यांच्याकडे जा. दरडावू नकोस, पाढेही म्हणायला लावू नकोस. एवढंच विचार की बायकोचं ऐकलं म्हणून लोक हसतील ते वाईट, की एका माणसाचं फाटक बंद होईल ते. त्यांनी आपण होऊन हो म्हटलं तरच मोबाईल काढ आणि आडवा धर. (हे तुला सांगणं म्हणजे विहिरीला पाणी पाजणं आहे. तुझे लोणच्याचे व्हिडिओ माझ्यापेक्षा जास्त लोक बघतात, हे मॅडमनी मला मंगल कार्यालयात सर्वांसमोर सांगितलं होतं.)

ता. क. २. शुक्रवारचं प्रक्षेपण ‘आमचा स्टीफन!!’ असं लिहून तू भजनमंडळाच्या, निवृत्त शिक्षकांच्या आणि मिरजगाव व्यापारी ग्रुपवर टाकलंस. तिथूनच ते मिरजगावभर झालं. माझ्या प्रेमापोटी केलंस, मला आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. पण खुलासा आला की तोही त्याच सगळ्या ठिकाणी टाक, आणि तितक्याच उद्गारचिन्हांनी.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आत्ताच छबूबाईंचा फोन. समितीनं शुक्रवारी कारभारींना म्हशीसकट हजर व्हायला सांगितलंय, आणि कारभारींनी रेडकूही टेम्पोत घालायचं ठरवलंय, ते तेव्हाही बाजारात होतं असं दाखवायला, म्हणजे बायकोनं अडवलं हे कुणाला कळायला नको. तसं झालं तर कमी बोटाला कारणच उरणार नाही, बिभीषण संपला, आणि माझं खोटं कायमचं खरं झालं. तेव्हा वरची ताजी बातमी शुक्रवार पहाटेपर्यंतच खरी धर. छबूबाईंनी मात्र नवऱ्याला सांगितलंय, “रेडकू गाडीत चढलं तर मी बी चढनार.” मी विचारलं, समितीपुढं बोलाल का? म्हणाल्या, “नाव छापायचं न्हाई म्हनले. तोंड दाखवायचं न्हाई असं कुटं म्हनले?”

तर शुक्रवारी सकाळी मिरजगावाहून घोडेगावकडे एक टेम्पो निघेल. त्यात म्हैस असेल, रेडकू असेल, कारभारी असतील आणि छबूबाई असतील. तूही चढ, केबिनमध्ये बस, गुडघा सांभाळ. कारभारी वाटेत बोलले तर बरं, नाहीतर फाटकापाशी छबूबाई आहेतच. सुनावणीनंतर माझा एक हात बिभीषणच्या रुमालाखाली असेल आणि तिथं तो काय म्हणाला हे तुलाही कधी कळणार नाही, विचारू नकोस. मोबाईल तेवढा वेळ तुझ्याकडे देईन. बंद करून ठेव, आणि बंद झालाय का ते दोनदा बघ.